प्राध्यापकांचे राज्य आणि आगरकर

एम. ए. झालेल्या तरुणाला सरकारी नोकरी सहज मिळावी, असा तो काळ. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी १४ जुलै १८५६ रोजी जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी मात्र ती वाट नाकारली. कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असे फिरत दारिद्र्यात शिकलेल्या या तरुणाने आपण सुखासाठी धनाच्या मागे लागणार नाही, हे आईला पत्राने कळविले आणि १८८१ साली न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षकी पत्करली. पुढच्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात टिळकांसह डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले.

१८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय स्थापन झाले. शिकविणाऱ्यांनीच संस्था चालवावी, ही येथली खरी नवलाई. वीस वर्षे सेवेची शपथ घेतलेले आजीव सदस्य अल्प वेतनावर शिकवीत आणि अंतर्गत कारभाराचे निर्णयही बहुमताने तेच घेत. आज हिंगोलीपासून मुंबईपर्यंत प्राध्यापक संघटना वेतनाचे गाऱ्हाणे घेऊन व्यवस्थापनाच्या वा शासनाच्या दारी जाते. आगरकरांच्या मंडळात मागणारा आणि देणारा एकच होता. भांडण त्यामुळे सोपे झाले नाही, उलट अधिक बोचरे झाले!

आगरकरांची प्रकृती दम्याने पोखरलेली, त्यात संसाराचा भार. अडचणीतल्या सभासदाला वेतनवाढ मिळावी, असे त्यांना वाटे. टिळकांचा आग्रह निराळा होता. सदस्यांनी त्याग पाळावा, बाहेरचे उद्योग करू नयेत, केल्यास मिळकत संस्थेला द्यावी, असे ते म्हणत. दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते. सामाजिक सुधारणेवरील मतभेदांनी आधीच अंतर पडले होते. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला, १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. मंडळात मात्र दोघांना शेजारी बसून मते द्यावी लागत. गोपाळ कृष्ण गोखले यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारल्यावर वाद विकोपाला गेला आणि १८९० च्या अखेरीस टिळकांनी राजीनामा दिला. कॉलेजातले दोन जिवलग मित्र असे दुरावले.

वामन शिवराम आपटे १८९२ मध्ये वारले आणि प्राचार्यपद आगरकरांकडे आले. पुण्यातल्या सनातन्यांनी जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी त्यांचे शिकविणे आणि लिहिणे थांबले नाही. दमा बळावत गेला. १७ जून १८९५ रोजी, अवघ्या अडतिसाव्या वर्षी, ते गेले. आपल्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी पुडीत बांधून आधीच बाजूला ठेवले होते.