विश्लेषण : यंत्राने लिहिलेल्या कोडवर विश्वास ठेवायचा का? ७० वर्षांपूर्वी ग्रेस हॉपर यांनी ही लढाई कशी लढली?

एआय कोडिंग टूल वापरावीत की नाहीत, यावरून सॉफ्टवेअर क्षेत्रात सध्या सरळ दोन तट पडले आहेत. गंमत म्हणजे बऱ्याचदा एकच माणूस दोन्ही तटांवर असतो. स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२५ च्या डेव्हलपर सर्वेक्षणात ८४ टक्के जणांनी ही टूल वापरत असल्याचे किंवा वापरणार असल्याचे सांगितले. त्याच सर्वेक्षणात या टूलच्या अचूकतेवर भरवसा नाही म्हणणारे ४६ टक्के निघाले आणि भरवसा आहे म्हणणारे ३३ टक्के. यंत्राला कोड लिहिता येणारच नाही, लिहिलाच तर तो माणसाइतका चोख नसेल, आणि मग आमची किंमत काय राहणार, हे मुद्दे घेऊन प्रोग्रामर याआधीही एकदा भांडले होते. ते १९५० चे दशक होते आणि वाद कंपायलरवरून होता. वादाच्या मध्यभागी उभ्या होत्या अमेरिकी नौदलातील गणितज्ञ ग्रेस हॉपर.

कोण होत्या ग्रेस हॉपर?

जन्म ९ डिसेंबर १९०६, न्यूयॉर्क. सात वर्षांच्या असताना गजराचे घड्याळ कसे चालते हे पाहण्यासाठी त्यांनी घरातली सात घड्याळे एकामागून एक उघडून ठेवली होती. त्यानंतर आईने एकाच घड्याळाची परवानगी दिली. व्हासार कॉलेजातून १९२८ मध्ये पदवी आणि येल विद्यापीठातून १९३४ मध्ये गणितात पीएचडी मिळवून त्या व्हासारमध्येच शिकवत होत्या. दुसरे महायुद्ध सुरू झाले नसते तर कदाचित गणिताच्या प्राध्यापक म्हणूनच निवृत्त झाल्या असत्या.

नौदलात जायचे त्यांनी ठरवले, तेव्हा वय आड आले आणि वजनही. ठरलेल्या मर्यादेपेक्षा त्या सुमारे ७ किलोने कमी भरत होत्या. सवलत मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या राखीव दलात दाखल झाल्या. पुढच्या वर्षी प्रशिक्षण संपल्यावर नेमणूक झाली ती थेट हार्वर्ड विद्यापीठात, हॉवर्ड एकेन यांच्या मार्क-१ या यंत्रावर. हे यंत्र ५१ फूट लांब, सुमारे ५ टन वजनाचे आणि सेकंदाला जेमतेम तीन बेरजा करणारे होते. त्याला सूचना द्यायच्या त्या भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरून. या यंत्राची ५६१ पानांची पुस्तिका हॉपर यांनीच लिहिली.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. संगणकात किडा सापडला आणि हॉपर यांनी ‘बग’ हा शब्द शोधला, ही गोष्ट प्रत्येक कॉलेजात सांगितली जाते. हार्वर्डच्या मार्क-२ यंत्रात ९ सप्टेंबर १९४७ रोजी पतंग सापडला हे खरे आहे. तो चिकटवलेली नोंदवही आजही स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. मात्र तो हॉपर यांनी शोधलेला नव्हता. यंत्रातल्या बिघाडाला बग म्हणण्याची पद्धत तर एडिसनच्या काळापासूनची. हॉपर यांनी तो किस्सा फार रंगवून सांगितला, एवढेच.

यंत्राकडूनच प्रोग्राम लिहून घेण्याची कल्पना आली कुठून?

कंटाळ्यातून आणि चुकांतून. हार्वर्डमध्ये साइन, वर्गमूळ अशी नेहमी लागणारी गणिते प्रत्येक प्रोग्राममध्ये पुन्हा लिहावी लागत. मंडळी वह्यांमध्ये असे तपासलेले तुकडे जपून ठेवत आणि एकमेकांच्या वहीतून उतरवून घेत. उतरवताना आकडे चुकत, आणि तुकडा नव्या जागी बसवताना पत्ते बदलण्यासाठी करायच्या बेरजाही चुकत. पीएचडीधारक माणसे हे करत होती.

युद्धानंतर हार्वर्डमध्ये कायम पद मिळण्याची आशा नव्हती. १९४९ मध्ये हॉपर फिलाडेल्फियातील एकर्ट-मॉकली या छोट्या कंपनीत गेल्या. घटस्फोट होऊन गेला होता, मद्याचे व्यसन जडले होते आणि कंपनीची आर्थिक अवस्थाही डळमळीत होती. पुढच्याच वर्षी ती रेमिंग्टन रँडने विकत घेतली. तिथल्या बायनॅक यंत्रासाठी शून्य ते सात एवढ्याच अंकांत, म्हणजे अष्टमान पद्धतीत, काम चाले. काही काळाने त्यांच्या चेकबुकचा हिशेब बँकेशी जुळेना. त्या स्वतः सांगत की घरचा जमाखर्चही आपण नकळत अष्टमानात मांडत होतो आणि ही चूक बँकेत काम करणाऱ्या भावाने शोधून दिली.

१९५२ मध्ये त्यांनी ए-० ही प्रणाली तयार केली. तपासलेले तुकडे चुंबकीय फितीवर साठवायचे, प्रत्येकाला क्रमांक द्यायचा आणि प्रोग्रामरने फक्त क्रमांकांची यादी द्यायची. फितीवरचे तुकडे शोधणे, पत्त्यांची बेरीज करणे आणि सगळे जोडून चालणारा प्रोग्राम बनवणे हे काम यंत्राचे. याला त्यांनी कंपायलर म्हटले. पुणे विद्यापीठातून कॉम्प्युटर इंजिनीअरिंग केलेल्यांना तिसऱ्या वर्षाचे सिस्टीम प्रोग्रामिंगचे प्रॅक्टिकल आठवत असेल. त्या हिशेबाने ए-० हा कंपायलरपेक्षा लिंकर-लोडरच्या जवळचा. पण एका प्रोग्रामने दुसरा प्रोग्राम तयार करायचा, हे पाऊल पडले ते इथे.

मग विरोध कशाला झाला?

पहिला आक्षेप असा की संगणक फक्त आकडेमोड करतो, त्याला प्रोग्राम लिहिता येऊच शकत नाही. चालणारी प्रणाली समोर असतानाही काही काळ कोणी तिला हात लावायला तयार नव्हते, असे हॉपर पुढे सांगत. दुसरा आक्षेप वेगाचा होता. यंत्राची एकेक मिनिट महाग होती आणि हाताने घासूनपुसून लिहिलेला कोड यंत्राने जुळवलेल्या कोडपेक्षा वेगाने धावे. यात तथ्य होते. म्हणूनच आयबीएमचे जॉन बॅकस १९५७ मध्ये फोरट्रान ही भाषा घेऊन आले तेव्हा त्यांच्या गटाची सर्वाधिक मेहनत खर्च झाली होती ती तयार होणारा कोड हातच्या कोडइतका वेगवान ठेवण्यावर. तिसरा आक्षेप कोणी मोठ्याने बोलत नसे. त्या काळी प्रोग्रामर म्हणजे मंत्र जाणणारे पुरोहित. मंत्र सगळ्यांना कळले तर दक्षिणा कोण देणार? बॅकस यांनीही आपल्या आठवणींत या वृत्तीबद्दल लिहिले आहे.

हॉपर यांचा युक्तिवाद पैशांचा होता. माणसाचे आठवडे वाचत असतील तर यंत्राची काही मिनिटे वाया गेली तरी चालतील. १९५३ मधली ए-२ ही पुढची आवृत्ती त्यांच्या गटाने ग्राहकांना मूळ कोडसकट दिली आणि सुधारणा सुचवून परत पाठवा, असे सांगितले. ओपन सोर्स हा शब्द जन्मायला अजून चार दशके होती.

इंग्रजी शब्दांत प्रोग्राम?

गणितज्ञांना चिन्हे आवडतात, पण पगारपत्रक आणि गोदामाचा हिशेब पाहणाऱ्यांना ती नकोत, हे हॉपर यांनी हेरले. त्यामुळे साध्या इंग्रजी शब्दांत सूचना देता येतील असा कंपायलर त्यांनी १९५५ च्या सुमारास मांडला. यंत्राला इंग्रजी कळत नाही, असे उत्तर वरून आले. मग त्यांनी दाखवून दिले की यंत्राच्या दृष्टीने शब्द म्हणजे केवळ खुणांचा एक ठरावीक क्रम आहे. तोच प्रोग्राम त्यांनी फ्रेंच आणि जर्मन शब्द घालूनही चालवला. परिणाम उलटाच झाला. फिलाडेल्फियात बनलेल्या अमेरिकी यंत्राला जर्मन कळते म्हणजे काय, म्हणून साहेब मंडळी हादरली. अखेर फक्त इंग्रजीत करू, असे आश्वासन देऊन पैसे मिळवावे लागले. त्यातून फ्लोमॅटिक ही भाषा उभी राहिली.

१९५९ मध्ये पेंटागॉनच्या पुढाकाराने सर्व कंपन्यांच्या यंत्रांवर चालेल अशी व्यावसायिक भाषा ठरवण्यासाठी बैठका झाल्या. त्यातून आलेल्या कोबोलवर फ्लोमॅटिकची दाट छाया आहे. मात्र हॉपर या कोबोलच्या एकमेव जननी नव्हेत. भाषा घडवणाऱ्या समितीत त्या सल्लागारांच्या बाजूला होत्या, आणि समितीत प्रत्यक्ष काम केलेल्या जीन सॅमेट यांनी सगळे श्रेय हॉपर यांना देण्याबद्दल पुढे स्पष्ट आक्षेप नोंदवला. समितीच्याच एका वैतागलेल्या सदस्याने तर भाषा पूर्ण होण्याआधी कोबोल नाव कोरलेला थडग्याचा दगड पेंटागॉनला पाठवून दिला होता. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्राम आरसीए आणि युनिव्हॅक या दोन वेगळ्या यंत्रांवर चालला. तो दगड आता संगणक संग्रहालयात आहे.

कोबोलवर टीका पुढेही थांबली नाही. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९७५ मध्ये ही भाषा शिकवणे म्हणजे बुद्धी पंगू करणे आहे, अशा आशयाचा हल्ला चढवला. बँका मात्र कोबोल लिहीत राहिल्या. त्याच जुन्या प्रोग्राममध्ये जागा वाचवण्यासाठी वर्षाचे दोनच आकडे ठेवले होते आणि ते निस्तरण्याचे वायटूके काम १९९० च्या दशकाच्या शेवटी भारतीय कंपन्यांकडे आले. मुंबई-पुण्यातील अनेक मराठी घरांत पहिले अमेरिकावारीचे तिकीट आले ते याच भाषेमुळे. एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या लाटेत बेरोजगार भत्त्याची यंत्रणा कोलमडली, तेव्हाही न्यूजर्सीच्या गव्हर्नरना कोबोल जाणणाऱ्यांना हाक द्यावी लागली.

नौदलातील दुसरी खेळी

१९६६ च्या अखेरीस वयाच्या ६० व्या वर्षी नौदलाने हॉपर यांना निवृत्त केले आणि १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावले. ते सहा महिने जवळपास १९ वर्षे चालले. त्यांच्या आयुष्यातला हा भाग सर्वात कमी सांगितला जातो. माझ्या मते पतंगाच्या गोष्टीपेक्षा तो कितीतरी महत्त्वाचा आहे.

अडचण अशी होती की प्रत्येक कंपनीचा कोबोल कंपायलर थोडा वेगळा अर्थ लावत असे. एका यंत्रावर बरोबर चालणारा प्रोग्राम दुसऱ्यावर अडे किंवा निराळे उत्तर देई. हॉपर यांच्या गटाने यासाठी चाचणी प्रोग्रामांचा संच तयार केला. कंपनीने दावा काय केला आहे ते बाजूला ठेवायचे, तिचा कंपायलर या चाचण्यांतून काढायचा आणि मगच तो प्रमाणित मानायचा. पुढे ही पद्धत अमेरिकी सरकारच्या संगणक खरेदीतही रुजली. प्रोग्रामरांनी कंपायलरवर डोळे झाकून विश्वास ठेवायला सुरुवात केली त्यामागे अशी वर्षानुवर्षांची तपासणी आहे.

मग एआय टूल म्हणजे नवा कंपायलरच का?

हा युक्तिवाद सध्या जोरात आहे आणि तो अर्धाच बरोबर आहे. बोलीभाषेतील सूचनेवरून कोड, हे फ्लोमॅटिकच्याच वाटेवरचे पुढचे ठिकाण आहे. पण कंपायलरला भाषेचे नियम लेखी ठरवून दिलेले असतात. तोच प्रोग्राम, त्याच पर्यायांसह शंभरदा दिला तरी अर्थ तोच निघतो, आणि चूक झाली तर ती नियमाशी ताडून पकडता येते. एआय टूलला तीच विनंती दोनदा केली तर दोन वेगळे प्रोग्राम मिळू शकतात आणि दोन्ही दिसायला नीटनेटके असतात. मराठीत किंवा इंग्रजीत केलेल्या विनंतीचा नेमका अर्थ ठरवून देणारे कोणतेही प्रमाणपुस्तक नाही. त्यामुळे हॉपर यांच्यासारखा, सर्वांना लागू होणारा एकच चाचणीसंच इथे बनवता येत नाही. प्रत्येक कामासाठी तो वेगळा लिहावा लागतो. अनेक टीममध्ये सध्या कोडसोबत त्याच्या चाचण्याही त्याच टूलकडून लिहून घेतल्या जातात. म्हणजे पेपर सोडवणाराच पेपर तपासतो.

हॉपर १४ ऑगस्ट १९८६ रोजी, ७९ व्या वर्षी, रिअर अ‍ॅडमिरल म्हणून बोस्टनमधील यूएसएस कॉन्स्टिट्यूशन या जुन्या युद्धनौकेवर निवृत्त झाल्या आणि लगेच डिजिटल इक्विपमेंट या कंपनीच्या सल्लागार झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. व्याख्यानांत त्या श्रोत्यांना सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचे तारेचे तुकडे वाटत. वीज एका नॅनोसेकंदात जास्तीत जास्त एवढेच अंतर कापू शकते, हे डोळ्यांना दिसावे म्हणून. २०२२ मध्ये एनव्हिडियाने आपल्या नव्या चिपरचनेला हॉपर हे नाव दिले. आज वाद घालायला लावणारी कित्येक एआय मॉडेल याच मालिकेतल्या एच१०० चिपवर घडवली गेली आहेत.