सेन्नाचा शेवटचा मोसम

आम्हा मीरा-भाईंदरकरांचा वेगाशी संबंध तो विरार लोकलपुरता. तरीही 1 मे उजाडला, की महाराष्ट्र दिनाबरोबर मला आयर्टन सेन्नाची आठवण होते. 1994 साली याच तारखेला, इटलीतल्या इमोला येथे, हा ब्राझीलचा शर्यतवीर अवघ्या 34व्या वर्षी गेला.

साओ पावलोच्या एका सुखवस्तू घरात 1960 साली तो जन्मला. चार वर्षांचा असताना वडिलांनी गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन बसवून त्याला छोटी गाडी करून दिली. पुढे फॉर्म्युला वन या मोटार शर्यतींच्या सर्वोच्च स्पर्धेत त्याने 41 शर्यती आणि 1988, 1990, 1991 अशी तीन जगज्जेतेपदे जिंकली. पावसात इतरांची चाके घसरत, तेव्हा याची गाडी पुढे निघून जाई. तो काही संत नव्हता. 1990 मध्ये जपानला प्रतिस्पर्धी आलँ प्रोस्तला मुद्दाम धडकून त्याने विजेतेपद पदरात पाडले. पण 1992 मध्ये बेल्जियमला सरावात एरिक कोमासची मोटार आदळली, तेव्हा स्वतःची गाडी थांबवून मदतीला धावला तोही सेन्नाच!

1994 चा मोसम विचित्र होता. गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक साधने नियमाने काढून घेतली गेली. वेग मात्र तसाच राहिला. त्याआधीची बारा वर्षे ग्रांप्रीत कोणी दगावले नव्हते, आणि या नशिबालाच सारे सुरक्षितता समजून बसले होते. इमोलात ही समजूत तीन दिवसांत पुसली गेली. शुक्रवारी रुबेन्स बारिकेलो भीषण अपघातातून वाचला. शनिवारी ऑस्ट्रियाचा रोलांड रात्झेनबर्गर ठार झाला.

शर्यतींचे डॉक्टर सिड वॉटकिन्स हे सेन्नाचे स्नेही. आता पुरे, दोघेही हे सोडून मासे धरायला जाऊ, असे त्यांनी त्याला सुचवले. तो तयार झाला नाही.

इथे मला आमचे उत्तन आठवते. पावसाळ्यात तिथले कोळीबांधव होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. कोणी एकटा भिऊन घरी बसत नाही, अख्खा गाव थांबतो. म्हणून थांबण्यात कमीपणा नसतो. सेन्नाला थांबायचे तर एकट्याने थांबावे लागणार होते.

रविवारी सकाळी त्याने चालकांची बंद पडलेली संघटना पुन्हा उभारण्याची बोलणी केली. दुपारी शर्यत सुरू होताच दोन गाड्या आदळल्या, तुकडे प्रेक्षकांत उडाले. सातव्या फेरीत टांबुरेलोच्या वळणावर सेन्नाची गाडी सरळ भिंतीवर गेली. त्याच्या गाडीत ऑस्ट्रियाचा झेंडा सापडला. जिंकल्यावर तो रात्झेनबर्गरसाठी फडकवायचा होता.

ब्राझीलमध्ये तीन दिवस दुखवटा पाळला गेला. दोनच आठवड्यांत मोनॅकोला कार्ल वेंडलिंगर अपघातात बेशुद्ध झाला. आता मात्र चालक एकत्र आले. धोक्याची वळणे बदलली, पिटमधल्या वेगाला मर्यादा आली, पुढे चालकाभोवतीच्या कडा उंच झाल्या. त्यानंतर ग्रांप्रीत चालकाचा जीव घेणारा अपघात घडला तो थेट 2014 मध्ये, ज्यूल्स बियांकीचा.

नियम सर्वांसाठी झाला, की सावधपणाला कोणी भित्रेपणा म्हणत नाही. वेगवान जगाला हे कळायला दोन जीव जावे लागले. उत्तनच्या कोळ्यांना ते दर्याने केव्हाच शिकवले होते.