एकट्याने खेळायचा खेळ : कापरेकर गुरुजी



शाळेला सुट्टी लागली की आपल्यापैकी बरेच जण घरातला मोबाईल मागतात. कोणाकोणाकडे हातात धरून खेळायचे छोटे यंत्रही असते. त्यात जुने-नवे हजारो खेळ डाऊनलोड करता येतात. पण त्यातला कोणता घ्यावा आणि कोणता सोडावा, हे कसे ओळखायचे? आज आपण एका शिक्षकाचे चरित्र पाहू या. त्यांनी जन्मभर कोड्यांचे खेळ शोधले आणि ते सगळ्यांना वाटले. त्यांच्या खेळाला पाटी आणि पेन्सिल पुरत असे. त्यांचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आता ते पालघर जिल्ह्यात आहे. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष म्हटले की आकडेमोड आलीच. घरातल्या आकडेमोडीची गोडी लहानग्या दत्तात्रेयालाही लागली. तो आठ वर्षांचा असताना आई वारली. पुढे त्याचे माध्यमिक शिक्षण ठाण्याला झाले. शाळेत असताना कोडी सोडवण्यात आणि हिशेबाच्या सोप्या युक्त्या शोधण्यात त्याचे तासन्तास जात.

पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले. तेथे १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. पदवी घेऊन बाहेर पडले. त्यापुढचे मोठे शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० साली ते नाशिकजवळ देवळाली येथे शाळेत शिक्षक झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत शिक्षकच राहिले. आपल्या गुरुजींसारखेच! दिवसभर वर्ग घ्यायचा आणि उरलेल्या वेळात आकड्यांशी खेळायचे, असा त्यांचा क्रम होता.

त्यांचे खेळ कसे होते ते बघा. मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर डोंबिवली स्टेशन आहे. त्या काळी त्याला डेमलो म्हणत. तेथे त्यांना काही संख्या सुचल्या. ११ ला ११ ने गुणा, १२१ येतात. १११ ला १११ ने गुणा, १२३२१ येतात. आकडे जिन्याने वर चढतात आणि तसेच खाली उतरतात. स्टेशनच्या नावावरून त्यांनी अशा संख्यांना डेमलो संख्या असे नाव दिले. गाडीची वाट पाहताना आपण कंटाळतो. कापरेकरांना तेथेही खेळ सापडला.

दुसरा खेळ असा. ४५ ला ४५ ने गुणले की २०२५ येतात. आता २०२५ चे दोन तुकडे करा, २० आणि २५. त्यांची बेरीज करा. पुन्हा ४५! ५५ चेही असेच. गुणाकार ३०२५, आणि ३० अधिक २५ म्हणजे ५५. अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात.

पण त्यांचा सर्वांत नावाजलेला खेळ ६१७४ चा. तो असा खेळायचा. चार आकडे घ्या. चारही सारखे नकोत, एवढीच अट. समजा ३, ५, २, ४ घेतले. त्यांची मोठ्यात मोठी संख्या करा, ५४३२. लहानात लहान संख्या करा, २३४५. मोठीतून लहान वजा करा.

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

आता पुढे जा. ७६४१ मधून १४६७ वजा केले तर पुन्हा ६१७४ येतात. कितीही वेळा करा, तेथून हलता येत नाही. कोणतेही चार आकडे घेतले तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ गाठलेच पाहिजे. मध्ये शून्य आला तर तो सोडायचा नाही, चार घरे भरलेली ठेवायची.

हा शोध त्यांनी १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत मांडला. त्याच सुमारास अमेरिकेतील स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या मासिकात त्यावरचा त्यांचा छोटा लेख आला. त्या लेखाच्या मथळ्याचा अर्थच एकट्याने खेळायचा आणखी एक खेळ असा होता. पत्ते नाहीत, पट नाही, जोडीदार नाही, तरी खेळ रंगतो! पुढे ६१७४ या संख्येला कापरेकर स्थिरांक असे नाव पडले.

कापरेकरांना त्या वेळी सगळ्यांनी डोक्यावर घेतले असेल असे तुम्हांला वाटेल. तसे झाले नाही. आपल्याच देशातले बरेच गणिती त्यांना हसत. हा शाळामास्तर मुलांचे खेळ खेळतो, याला काय गणित म्हणायचे, असा त्यांचा समज होता. मोठी मासिके त्यांचे लेख सहसा घेत नसत. मग ते आपली छोटी पुस्तके स्वतःच छापून घेत. शाळा-कॉलेजांतून बोलावणे आले की जात आणि संख्यांच्या गमती सांगत. त्यांची राहणी अगदी साधी होती.

१९६६ साली त्यांच्या पत्नी वारल्या. त्यानंतर पेन्शनमध्ये भागेना. म्हातारपणी पोटासाठी त्यांना गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या. तरी आकड्यांचा नाद सुटला नाही. हसणाऱ्यांशी ते भांडत बसले नाहीत, आणि खेळही सोडला नाही.

मग १९७५ साल उजाडले. अमेरिकेत मार्टिन गार्डनर नावाचे लेखक सायंटिफिक अमेरिकन या मासिकात गणिती खेळांवर सदर लिहीत. मार्च १९७५ च्या अंकात त्यांनी कापरेकरांच्या संख्यांविषयी लिहिले. ते सदर देशोदेशी वाचले जाई. देवळालीच्या शिक्षकाचे नाव जगभर झाले. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली देवळालीस त्यांचे निधन झाले. आज संगणक शिकणारी मुले सरावासाठी ६१७४ ची आज्ञावली लिहितात, आणि मोठमोठे गणितीही त्यांच्या संख्यांवर लेख लिहितात.

आता यंत्रातल्या खेळांकडे येऊ. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव यांनी टेट्रिस हा खेळ केला. वरून ठोकळे पडतात आणि ते फट न ठेवता बसवायचे, एवढाच नियम. १९८९ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने गेम बॉय हे हातात मावणारे यंत्र काढले. अमेरिकेत त्या यंत्राबरोबरच टेट्रिस मिळत असे. चित्रे काळपट हिरवी, रंग नाहीत, तरी लहानथोर त्यात रमले. इतकी वर्षे झाली, नवीन यंत्रांवर आजही लोक तो खेळ शोधून उतरवून घेतात. टेट्रिस आणि ६१७४ यांत एक गोष्ट सारखी आहे. नियम एका दमात सांगता येतो, आणि डोके मात्र पुष्कळ चालवावे लागते.

कापरेकरांच्या खेळात आणखी दोन गुण आहेत. पहिला, चूक आपली आपल्याला सापडते. ६१७४ च्या खेळातले प्रत्येक उत्तर ९ ने भागले जाते. म्हणून उत्तरातले आकडे मिळवून पाहायचे. ३०८७ चे ३ अधिक ० अधिक ८ अधिक ७, म्हणजे १८. बेरीज ९, १८ किंवा २७ आली तर पुढे जा. नाही आली तर वजाबाकीत कुठेतरी हातचा चुकला म्हणून समजा. गुरुजींकडे धावायला नको.

दुसरा गुण म्हणजे खेळ संपला तरी प्रश्न उरतो. असे का होते? ०००० पासून ९९९९ पर्यंत चार घरांच्या दहा हजार संख्या. चारही आकडे सारखे असलेल्या दहा सोडल्या तर ९९९० उरतात. पहिल्याच वजाबाकीनंतर त्यांतून फक्त ५४ वेगवेगळी उत्तरे निघतात. एवढी मोठी जत्रा एका अरुंद वाटेने जाते आणि शेवटी सगळे एकाच ठिकाणी पोचतात. तीन आकड्यांचे काय होते? तेथे ४९५ येतात. दोन आकड्यांचे काय होते, ते तुम्हीच करून पाहा. तेथे वेगळीच गंमत आहे.

म्हणून पालकांना नम्र विनंती आहे. मुलासाठी खेळ उतरवून घेण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. नियम थोडक्यात कळतो का? पुढे जाण्यासाठी पुन्हा पुन्हा पैसे मागत नाही ना? हरल्यावर कुठे चुकले ते कळते का? आणि यंत्र बंद केल्यावर मुलाच्या डोक्यात काही प्रश्न उरतो का? या चारांत बसला तर खेळ जुना असला तरी चांगला. नाही बसला तर कितीही रंगीत असो, सोडून द्यावा.

आणि मित्रांनो, मोबाईल मिळाला नाही म्हणून रुसू नका. आपल्या शहाद्याच्या रस्त्यावर उभे राहा. उसाचे ट्रॅक्टर जातात, पपईने भरलेल्या गाड्या जातात. एमएच ३९ च्या पुढे बहुतेक पाट्यांवर चार आकडे असतात. ते वहीत लिहा आणि वजाबाकी सुरू करा. कोणाची गाडी ६१७४ ला किती पायऱ्यांत पोचते, अशी शर्यत लावा. ज्याला पूर्ण सात पायऱ्यांची संख्या हवी त्याने ४७१५ घ्यावी.

लोक हसले तरी आपला खेळ प्रामाणिकपणे खेळत राहिलेल्या आणि तो सर्वांना फुकट देऊन गेलेल्या कापरेकर गुरुजींना आपले सर्वांचे वंदन!