दीनानाथ दलाल : कथाचित्रकाराचा वाटा

दीनानाथ दलाल यांचा जन्म १९१६ मध्ये मडगाव येथे झाला. मुंबईत कलाशिक्षण घेऊन ते ग्रंथ-नियतकालिकांच्या चित्रणाकडे वळले. १९४५ मध्ये त्यांनी ‘दीपावली’ सुरू केले आणि संपादक व चित्रकार या दोन्ही भूमिका स्वीकारल्या. लेखकाने शब्दांत सूचित केलेल्या पात्राला चेहरा, वेष व ढब त्यांच्या कुंचल्याने दिली. कथेतील कोणता प्रसंग चित्रित करावा, या निवडीतच तिचे एक अर्थनिर्णयन सामावलेले असे. १९७१ मध्ये ते निवर्तले. पुढे कथा संग्रहांत आल्या, त्या बहुधा चित्रांवाचून. समीक्षेनेही शब्दसंहिताच अभ्यासली. परिणामी नियतकालिकाच्या मूळ वाचकाने पात्रे ज्या रूपात प्रथम पाहिली, ते रूप वाङ्मयेतिहासाच्या कक्षेबाहेर राहिले.