गॅरी किल्डॉल: ३८६ वर डीआर-डॉस टाकताना कळलेला माणूस

मागच्या दिवाळीत कुंभारीला घरी गेलो तेव्हा एक जुना ३८६ कम्प्युटर सोबत होता. सोलापुरात भंगारवाल्याकडून किलोच्या भावात घेतलेला. मदरबोर्डवरची बॅटरी मेलेली, त्यामुळे आपल्याला कुठली हार्ड डिस्क जोडली आहे हेच मशीन विसरलं होतं. डिस्कच्या लेबलवरून सिलिंडर, हेड, सेक्टरचे आकडे वाचून ते सेटअपमध्ये हाताने भरले. तीन फ्लॉपी खराब निघाल्या, चौथी चालली. पार्टिशन, फॉरमॅट, आणि शेवटी डीआर-डॉस ६.० टाकून झालं. स्क्रीनवर नाव आलं: डिजिटल रिसर्च.

ही कंपनी गॅरी किल्डॉलने सुरू केली. कॉलेजात मला हा माणूस एका वाक्यात शिकवला होता. आयबीएमचे लोक दारात आले तेव्हा तो विमान उडवत बसला, म्हणून बिल गेट्स मोठा झाला. मी ते खरं मानलं. आज आपण पूर्ण गोष्ट बघू.

सुरुवात

किल्डॉलचा जन्म १९ मे १९४२ चा, अमेरिकेतल्या सिएटलचा. घरची नौकानयन शिकवणारी शाळा होती, तिथे त्यानेही शिकवलं. वॉशिंग्टन विद्यापीठातून १९७२ मध्ये त्याने कम्प्युटर सायन्समध्ये पीएचडी केली. मॉन्टेरीच्या नौदल महाविद्यालयात तो प्राध्यापक होता. तेव्हा इंटेलच्या मायक्रोप्रोसेसरचा त्याला नाद लागला. इंटेलसाठी त्याने पीएल/एम ही भाषा बनवली, आणि १९७४ मध्ये फ्लॉपीवर चालणारी सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम.

त्याने नक्की काय केलं?

त्या काळी प्रत्येक कंपनीचं मशीन वेगळं. सिस्टिम प्रत्येकासाठी नव्याने जुळवावी लागायची. किल्डॉलने हार्डवेअरशी बोलणारा भाग वेगळा काढला आणि त्याला बायोस म्हटलं. नवं मशीन आलं की फक्त तेवढाच भाग बदलायचा, बाकीचं तसंच. त्यामुळे एकच प्रोग्रॅम वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर चालू लागला. बायोस हा शब्द तिथून आला. ड्राइव्हला ए, बी, सी अशी अक्षरं द्यायची सवयही पीसीवर सीपी/एमकडूनच आली. तुमच्या विंडोजमध्ये आजही सी ड्राइव्ह आहे, तो याच वारशातून.

विमानाची गोष्ट

१९८० मध्ये आयबीएमचे लोक पॅसिफिक ग्रोव्हला आले त्या सकाळी किल्डॉल विमानाने गेला होता हे खरं. पण मजेसाठी नाही, एका ग्राहकाच्या कामासाठी. कंपनीचे व्यवहार पत्नी डोरोथी बघायची. गुप्ततेचा एकतर्फी करार पाहून ती सही करायला कचरली. दुपारी पुढे काय झालं, यावर दोन्ही बाजूंच्या आठवणी जुळत नाहीत.

खरा पेच पैशाचा होता. आयबीएमला एकरकमी व्यवहार हवा होता, किल्डॉलला प्रत्येक कॉपीमागे पैसे. माझी आई विड्या वळायची, हजार विड्यांमागे मजुरी. जितकं काम तितके पैसे, हा हिशेब आमच्या घरात कुणालाही समजावून सांगावा लागला नसता.

मायक्रोसॉफ्टने सिएटलमधल्या एका छोट्या कंपनीची ८६-डॉस विकत घेतली. ती सीपी/एमसारखीच बेतलेली होती. किल्डॉलने तक्रार केल्यावर आयबीएमने सीपी/एम-८६ सुद्धा विकायला ठेवली. पण किंमत? पीसी-डॉस ४० डॉलर आणि सीपी/एम-८६ २४० डॉलर. ग्राहकाने काय घेतलं असेल, तुम्हीच सांगा.

त्यानंतर

किल्डॉल थांबला नाही. टीव्हीवर कम्प्युटर क्रॉनिकल्सचा सहसूत्रधार झाला, सीडी-रॉमवर विश्वकोश आणला. त्याच्या कंपनीने १९८८ मध्ये डीआर-डॉस काढलं. १९९१ मध्ये कंपनी नोव्हेलने घेतली. ११ जुलै १९९४ ला, डोक्याला झालेल्या दुखापतीनंतर, वयाच्या ५२ व्या वर्षी तो गेला.

डीआर-डॉस त्याने स्वतः लिहिलं नाही, ते त्याच्या कंपनीतल्या इंजिनिअरांचं काम. पण त्याच्या आत सीपी/एमचाच वंश आहे. आता गावातली पोरं हे मशीन बघायला येतात आणि हे कुणी बनवलं, असं विचारतात. मी विमानापासून सुरुवात करत नाही. बायोसपासून करतो.