प्रा. विष्णु वासुदेव नारळीकर

अमावास्येच्या रात्री दिघोरीच्या शिवारावर जे विशाल आकाश पसरलेले दिसते, ते सदासर्वकाळ असेच राहील काय, हा प्रश्न आमचे चौकस विद्यार्थी वारंवार विचारतात. ज्या शास्त्रावाचून या प्रश्नाचा विचारच करता येत नाही, ते शास्त्र आपल्या देशात रुजविण्यास ज्यांनी आयुष्य वाहिले, अशा एका महाराष्ट्रीय गणितज्ञाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सादर करीत आहो.

विष्णु वासुदेव नारळीकर यांचा जन्म १९०८ साली कोल्हापूर येथे झाला. मुंबईस पदवी मिळविल्यावर ते केंब्रिजला गेले आणि १९३० साली रँग्लर झाले. तो काळ मोठा विलक्षण होता. विश्व प्रसरण पावत आहे, असा सिद्धांत बेल्जियममधील धर्मगुरू जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ साली मांडला होता. १९२९ साली अमेरिकेतील एडविन हबल यांच्या वेधांवरून, जी दीर्घिका जितकी लांब तितक्या अधिक वेगाने ती दूर जात आहे, असे दिसून आले. या मताचे थोर पुरस्कर्ते एडिंग्टन हे केंब्रिजलाच प्राध्यापक होते.

अशा ठिकाणी राहून कीर्ती मिळविण्याचा मोह कोणास होणार नाही? परंतु पंडित मदनमोहन मालवीय यांच्या बोलावण्यास मान देऊन नारळीकर १९३२ साली काशी हिंदू विश्वविद्यालयात रुजू झाले. तेथे १९६० सालापर्यंत त्यांनी गणित व आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद शिकविला. त्यांच्यापाशी शिकावे म्हणून गुजरातचे प्रल्हाद चुनीलाल वैद्य पदरच्या शिलकीवर बायकामुलीसह काशीस जाऊन राहिले. तेजस्वी ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणाचे जे गणित त्यांनी १९४३ साली सिद्ध केले, ते आज जगभर वैद्यांच्याच नावाने ओळखले जाते.

नारळीकरांचे चिरंजीव जयंत (१९३८–२०२५) हेही केंब्रिजला गेले. विश्व प्रसरण पावत असले तरी नवे द्रव्य निर्माण होत राहून ते आहे तसेच राहते, त्यास आदि नाही व अंतही नाही, या फ्रेड हॉईल यांच्या मताचा त्यांनी पुरस्कार केला. १९६५ साली सर्व दिशांनी येणारे क्षीण प्रारण सापडले, तेव्हा बहुतेक विद्वान महास्फोटाच्या पक्षास वळले. जयंतरावांनी मात्र आपली शंका सोडली नाही. १९९८ साली प्रसरणाचा वेग वाढत असल्याचे आढळले. असेच चालू राहिले तर दूरच्या दीर्घिका दृष्टीआड होतील, तारे विझतील व सर्वत्र काळोख आणि गारठा पसरेल. तथापि हा वेग का वाढतो, हे कोडे सुटले नसल्याने अखेरचा निकाल अद्याप लागलेला नाही.

विष्णुपंत १९९१ साली निवर्तले. विश्वाच्या अंताचे उत्तर त्यांनी दिले नाही. ते शोधणारी माणसे घडविली. विद्यार्थ्यांनो, उत्तर आपल्या हयातीत मिळणार नाही हे ठाऊक असूनही निष्ठेने शिकविणे व शिकणे, ही ज्याने आकाश निर्मिले त्याची एक सेवाच होय, असे आम्हांस वाटते.