चार्ल्स केटरिंग

मोटारगाडीत बसावे, किल्ली फिरवावी आणि एंजिन सुरू व्हावे, याचे आज कोणालाही नवल वाटत नाही. परंतु मोटारींच्या प्रारंभीच्या काळात हे काम मोठ्या कष्टाचे व जोखमीचे होते. गाडीच्या पुढल्या बाजूस लोखंडी हँडल अडकवून ते हाताने जोराने फिरवावे लागे. कधी एंजिनातील ठिणगी वेळेआधी पडे, एंजिन उलट फिरू पाही आणि हँडलचा असा विलक्षण झटका बसे की, फिरविणाऱ्याचे मनगट किंवा हात मोडे. माणसाच्या हातावरचे हे संकट ज्यांनी दूर केले, ते अमेरिकन संशोधक म्हणजे चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग.

केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी ओहायओ राज्यातील लाउडनव्हिल या गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. ते बुद्धीने तल्लख होते. परंतु त्यांची दृष्टी लहानपणापासूनच अधू होती. थोडे वाचन झाले की त्यांचे डोके दुखू लागे. शालेय शिक्षण संपल्यावर काही काळ त्यांनी शिक्षकाचे काम केले आणि पुढे ओहायओ राज्य विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे डोळ्यांच्या दुखण्याने उचल खाल्ली व त्यांना शिक्षण अर्धवट सोडावे लागले.

दुसरा एखादा तरुण अशा वेळी खचून गेला असता. केटरिंग यांनी मात्र टेलिफोनच्या तारा घालणाऱ्या टोळीत काम धरले. खांबांसाठी खड्डे खणावे, खांब उभे करावे, त्यांवर तारा ओढाव्या, असे ते अंगमेहनतीचे काम होते. उघड्या हवेत त्यांची प्रकृती सुधारली. विजेची विद्या त्यांनी तेथे प्रत्यक्ष हाताळून आत्मसात केली व लवकरच ते टोळीचे मुकादम झाले. नंतर ते पुन्हा विद्यापीठात गेले. सहाध्यायी पुस्तके वाचून दाखवीत आणि ते ऐकून अभ्यास करीत. अशा रीतीने १९०४ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी विद्युत् अभियांत्रिकीची पदवी मिळविली.

त्याच वर्षी डेटन शहरातील एका मोठ्या कारखान्यात त्यांना नोकरी लागली. दुकानातील रोख रकमेची नोंद करणारी यंत्रे तेथे तयार होत. ही यंत्रे हाताने दांडा ओढून चालवावी लागत. केटरिंग यांनी त्यांना विजेची छोटी मोटर जोडली. ही मोटर दिवसभर अखंड चालवावयाची नव्हती. गिऱ्हाइकाचा हिशेब होताच तिने क्षणभर जोर लावावा, एवढेच तिचे काम होते. थोडा वेळच काम करावयाचे असेल, तर लहान मोटरही आपल्या नेहमीच्या शक्तीहून पुष्कळ अधिक जोर देऊ शकते, हे त्यांनी येथे नीट पारखून घेतले. हाच अनुभव पुढे त्यांच्या उपयोगी पडला.

कारखान्यातील सहकारी एडवर्ड डीड्स यांच्या घरामागे एक कोठार होते. कामावरून परतल्यावर काही मित्रांसह केटरिंग तेथे रात्री उशिरापर्यंत प्रयोग करीत. त्यातूनच १९०९ मध्ये डेल्को ही कंपनी उभी राहिली. त्यांनी बनविलेली, एंजिनात ठिणगी पाडणारी नवी योजना कॅडिलॅक मोटारींच्या कारखान्याने स्वीकारली. त्या कारखान्याचे प्रमुख हेन्री लेलँड यांना हँडलच्या अपघातांची फार चिंता वाटे. त्यांच्या परिचयातील एक मोटार उत्पादक अशाच झटक्याने जखमी होऊन पुढे दगावला, अशी हकीकत सांगतात. एंजिन आपोआप सुरू करण्याची युक्ती शोधण्याचे काम केटरिंग यांच्याकडे आले.

स्प्रिंग, दाबलेली हवा व वीज यांचे प्रयोग पूर्वीही झाले होते. पण ते व्यवहारात टिकले नव्हते. एंजिन फिरविण्यासाठी विजेची मोटर एंजिनाएवढीच मोठी लागेल, असे अनेक जाणकारांचे मत होते. केटरिंग यांना रोख-नोंद यंत्राची आठवण होती. एंजिन दिवसभर फिरवावयाचे नसून, ते सुरू होईपर्यंत काही क्षणच फिरवावयाचे आहे, हे त्यांनी ओळखले. बॅटरीतून थोडा वेळ मोठा प्रवाह घेणारी मोटर त्यांनी तयार केली. एंजिन सुरू झाले की तेच यंत्र उलट वीज निर्माण करून बॅटरी भरून काढी, आणि त्याच विजेवर गाडीचे दिवेही लागत. फेब्रुवारी १९११ मध्ये हा प्रयोग सिद्ध झाला व १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांवर ही योजना बसविण्यात आली. बळकट मनगटाचा माणूस शोधण्याची गरज उरली नाही. स्त्रिया आणि वृद्धही निर्धास्तपणे गाडी चालवू लागले.

आपल्याकडील कारागीर या यंत्राला ‘सेल्फ’ म्हणतात. सेल्फ कधी लागतो, कधी लागत नाही, अशी तक्रार पुष्कळदा येते. तिचे मूळ शोधतानाही केटरिंग यांचेच तत्त्व ध्यानी ठेवावे लागते. सेल्फला क्षणभर फार मोठा प्रवाह लागतो. बॅटरीच्या टोकावर क्षार साचले असतील किंवा एखादा सांधा सैल असेल, तर त्यातून दिव्यापुरता प्रवाह सहज जातो, पण सेल्फपुरता जात नाही. शिवाय उष्णतेने व धक्क्यांनी असा सांधा कधी जुळतो, कधी सुटतो. म्हणून कुशल कारागीर एकदम नवा सेल्फ बसवीत नाही. तो दिवे लावून किल्ली फिरवितो. दिवे एकदम मंद झाले, तर तो प्रथम बॅटरी व तिचे सांधे पाहतो. दिवे तेजस्वीच राहिले व सेल्फ गप्प राहिला, तर प्रवाह वाटेत कोठे अडला, हे तो किल्लीपासून सेल्फमधील झिजलेल्या कार्बनपर्यंत क्रमाने तपासतो. आणि ही परीक्षा दोष प्रकट असतानाच करावी लागते.

१९२० पासून १९४७ पर्यंत केटरिंग जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते. रेल्वेची डिझेल एंजिने सुधारण्यात त्यांचा मोठा वाटा होता. परंतु त्यांच्या कार्याला एक काळी बाजूही आहे. एंजिनातील ठोके थांबविण्यासाठी १९२१ मध्ये त्यांच्या विभागातील टॉमस मिजली यांनी शिसेयुक्त द्रव्य शोधले. १९२४ मध्ये ते तयार करणारे काही कामगार विषबाधेने मरण पावले. तरीही केटरिंग यांनी त्याचा पुरस्कार सोडला नाही. त्या शिशाने पुढे कित्येक दशके जगाची हवा दूषित केली. मोटारींसाठी असे पेट्रोल विकणे जगातून पूर्णपणे थांबण्यास २०२१ साल उजाडले. यंत्रातील दोष इतक्या चिकाटीने शोधणाऱ्या या पुरुषाने हवेतील दोषाकडे मात्र तेवढे लक्ष दिले नाही, ही खेदाची गोष्ट होय.

१९४५ मध्ये आल्फ्रेड स्लोन यांच्यासह त्यांनी न्यूयॉर्क येथे कर्करोगाच्या संशोधनासाठी संस्था स्थापण्यास साहाय्य केले. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी त्यांचे निधन झाले. ओहायओतील केटरिंग हे शहर आज त्यांचे नाव धारण करते. अधू डोळ्यांच्या या माणसाने वाचनाची उणीव प्रयोगाने भरून काढली. जाणकारांचे मतही पारखून घेण्याची त्यांची वृत्ती अनुकरणीय आहे; आणि जी पारख आपण दुसऱ्याच्या मताची करतो, तीच आपल्या कृतीचीही करावी, हे त्यांच्या चुकीपासून शिकण्यासारखे आहे.